रणांगणात काय पाहायचे?

परदेशी जाऊन आलेल्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारले जातात. खर्च किती आला, आणि काय काय पाहिलेत. पहिल्या प्रश्नाचे मला भय नाही. पाठीवर बोचके टाकून, एका खोलीत सहा-सहा अनोळखी तरुणांच्या घोरण्यात झोपून केलेल्या प्रवासाचा आकडा ऐकल्यावर समोरच्या माणसाला हेवा वाटत नाही, कीव वाटते. घोटाळा होतो तो दुसऱ्या प्रश्नाशी. "एक शेत पाहिले," असे मी सांगतो. "गव्हाचे." तो माणूस थोडा वेळ वाट पाहतो. पुढे एखादा मनोरा, एखादा धबधबा, गेलाबाजार एखादे चर्च तरी येईल अशी त्याची समजूत असते. "शेताच्या कडेला एक तळे होते," असे मी म्हणतो, आणि तो विषय बदलतो.

मला रणांगणे पाहण्याचा नाद आहे. हा नाद लावला पानिपताने. ज्या गावाच्या नावाचे आपण क्रियापद करून टाकले ते गाव डोळ्यांनी पाहावे म्हणून तरुणपणी एकदा गेलो, आणि काला अंबाच्या त्या सपाट, उन्हाने भाजलेल्या जमिनीवर उभा राहिलो. पाहण्यासारखे तेथे काहीच नव्हते, आणि तरीही दोन तास माझा पाय निघाला नाही. पुढे मास्तरकीतून मोकळा झाल्यावर दर दोन-तीन वर्षांनी साठवलेले पैसे घेऊन मी कुठल्या ना कुठल्या जुन्या लढाईला हजेरी लावून येतो. मॅरेथॉनला गेलो, तेथे पडलेल्या 192 अथेनियनांवर रचलेला मातीचा ढीग अजून आहे, आणि भोवती झाडी लावून त्याची बाग केली आहे. वॉटर्लूला गेलो, तेथे 226 पायऱ्यांची एक कृत्रिम टेकडी असून वर सिंह बसवला आहे. त्या टेकडीसाठी लागणारी माती रणांगणातूनच उकरून घेतल्यामुळे ज्या चढणीच्या आधाराने वेलिंग्टन लढला तिचा आकारच पालटला. स्मारक करावे आणि ज्याचे करायचे तेच नाहीसे करावे, ही रीत आपलीच आहे असे मला तोवर वाटत असे.

पण या दोन्ही ठिकाणांविषयी मला फारसे सांगायचे नाही. सांगायचे आहे ते गेल्या जूनमधल्या इटलीच्या वारीविषयी. बरोबर माझा भाचा होता. वय सव्वीस, उंची पावणेसहा फूट, आणि इतिहासाचे ज्ञान हत्तींपुरते. हॅनिबल म्हटला की हत्ती, एवढे त्याला पक्के ठाऊक होते.

निघण्याआधी त्याने माझे बोचके वजनकाट्यावर ठेवले. "मामा, बारा किलो? तुम्ही राहायला चाललात की फिरायला?" मग त्याने एकेक वस्तू बाहेर काढायला सुरुवात केली. जाड टॉवेल गेला, दुसरे बूट गेले, लोणच्याची बाटली गेली, तांब्या तर हसत हसत गेला. काटा साडेआठावर आला तेव्हा कुठे तो थांबला. बाजूच्या कप्प्यात माझ्या बहिणीने, म्हणजे त्याच्या आईने, एक चिमुकली कापडी पुरचुंडी खुपसून ठेवली होती. ती मात्र त्याने चाचपून पाहिली आणि काही न बोलता परत ठेवून दिली. आत काळे तीळ होते. त्यांचे काय करायचे हे मला माहीत होते, त्यालाही होते. म्हणून त्या विषयावर आम्ही बोललो नाही.

फ्लॉरेन्सहून निघालेली गाडी तेरोंतोलाला बदलली की दुसरी एक लहानशी गाडी त्रासिमेनो सरोवराच्या काठाने पेरूजाकडे जाते. तिच्यात बसून आम्ही तुओरो नावाच्या स्टेशनावर उतरलो. उतरणारे आम्ही दोघेच. समोर सरोवर पसरलेले होते, मागे अर्धगोल डोंगर, आणि मध्ये सपाट, पिवळी शेते. कुणी तरी मोठे सूप उताणे ठेवावे तसा तो प्रदेश दिसतो. उघडी बाजू पाण्याकडे.

या सुपात इसवी सनापूर्वी 217 साली, जून महिन्यातल्या एका सकाळी, रोमचे एक अख्खे सैन्य पाखडले गेले.

ती हकीकत थोडक्यात अशी. हॅनिबल आल्प्स उतरून इटलीत आला होता. आर्नो नदीच्या दलदलीतून येताना त्याचा एक डोळा गेला. सगळ्या हत्तींतला एकच जिवंत उरला होता, आणि त्यावर बसूनच तो ती दलदल तरला. (हे ऐकून भाच्याचे तोंड उतरले. "एकच?" असे त्याने तीनदा विचारले.) त्याच्या पाठलागावर गायस फ्लॅमिनियस हा रोमचा कॉन्सल होता, बरोबर सुमारे पंचवीस हजार माणसे. हॅनिबलने रात्रीतून आपले लोक या डोंगरांच्या उतारावर, झाडीत, घळींत लपवले. पहाटे तळ्यावरून धुके उठले. रोमन लोक पाण्याच्या काठाने लांब रांग करून चालत होते. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला पाणी. उंचावर बसलेल्यांना एकमेकांच्या खुणा दिसत होत्या, खाली चालणाऱ्यांना पुढचा माणूस दिसत नव्हता. मग एकाच वेळी सगळे उतार खाली आले.

तीन तास हे चालले होते. पंधरा हजार रोमन पडले. पुढचे सहा हजार कसेबसे फळी फोडून टेकडीवर पोचले, आणि धुके विरल्यावर त्यांनी मागे वळून पाहिले. तोवर संपले होते. लिव्ही सांगतो, की त्याच वेळी इटलीत मोठा भूकंप होऊन गावे पडली, पण लढणाऱ्यांपैकी कुणालाही तो कळला नाही. लिव्हीने हे लिहिले ते जवळजवळ दोनशे वर्षांनंतर, त्यामुळे भूकंपाची तारीख त्याने थोडी ओढून आणली असेल असा संशय मास्तरच्या मनात येतोच. पण एकदा तो उतार पाहिल्यावर संशय घेण्याची हौस राहत नाही.

आम्ही गावातून निघून ठिकठिकाणी माहितीचे फलक लावलेल्या पायवाटेने दिवसभर हिंडलो. धुके काही आमच्या वाट्याला आले नाही. ऊन मात्र कोकणातल्या वैशाखासारखे होते. ऑलिव्हची झाडे, मध्येच द्राक्षांचे मळे, गव्हाच्या लोंब्या कापणीला आलेल्या. सरोवराचे क्षेत्र 128 चौरस किलोमीटर आहे, आणि खोली विचाराल तर फार झाले तर सहा मीटर. आमच्या वाडीतली विहीर याहून खोल आहे. या उथळपणानेच त्या दिवशी घात केला. पळणारे लोक पाण्यात शिरले, गळ्यापर्यंत आले, अंगावरच्या चिलखताने पुढे जाता येईना, बुडताही येईना. आणि पाण्यावर तरंगणाऱ्या त्या नुसत्या डोक्यांवर घोडेस्वार घातले गेले. मी हे सांगितले तेव्हा भाचा काठावर पाय सोडून बसला होता. त्याने हळूच पाय वर घेतले.

जवळच सांग्विनेतो नावाचा ओढा व त्याच नावाची वस्ती आहे. 'सांग्वे' म्हणजे रक्त. तीन दिवस हा ओढा लाल वाहिला, म्हणून हे नाव, असे प्रत्येक जण सांगतो. पलीकडे कोर्तोनाजवळ ओसाया म्हणून गाव आहे. त्याचा संबंध हाडांशी लावतात. आता इटालियन भाषेत झाडांच्या राईला शेवटी 'एतो' लागते. ऑलिव्हची राई ती 'ओलिवेतो', चेस्टनटची 'कास्तान्येतो'. आणि सांग्विनेल्लो या नावाचे लाल फांद्यांचे एक झुडूपही त्या मुलखात उगवते. तेव्हा सांग्विनेतो म्हणजे साधे त्या झुडपांचे रान असण्याचा संभव बराच. तीच गत तुओरोजवळ सापडलेल्या जुन्या खड्ड्यांची. ते मेलेल्यांना जाळण्याचे खड्डे, असे एका विद्वानाचे मत पडले. पुढच्यांनी त्या चुन्याच्या भट्ट्या ठरवल्या. मला या वादात कुणाची बाजू घ्यावीशी वाटली नाही. घोडखिंडीची पावनखिंड व्हायला बाजीप्रभूंना तिथे उभे राहावे लागले. उलट कित्येक गावांत नाव आधीचे असते आणि लढाई त्या नावाला मागाहून येऊन चिकटते. लोकांना रक्त विसरायचे नव्हते, एवढे मात्र त्यातून दिसते.

पण मला त्या शेतात थांबवून धरले ते वेगळ्याच गोष्टीने. लढाई संपल्यावर हॅनिबलने आपल्या मेलेल्यांना मूठमाती दिली, आणि मग शत्रूच्या सेनापतीला, फ्लॅमिनियसला, सन्मानाने पुरावे म्हणून त्याचे प्रेत शोधायला माणसे लावली. प्रेत सापडले नाही. गॉल टोळीतल्या एका घोडेस्वाराने भाल्याने त्याला मारलेले अनेकांनी पाहिले होते. तरी सापडले नाही. पंधरा हजारांत तो कुठे तरी मिसळून गेला. गंमत अशी, की या फ्लॅमिनियसनेच तीन वर्षांपूर्वी रोमहून उत्तरेला जाणारा मोठा रस्ता बांधला होता. तो 'व्हिया फ्लॅमिनिया' अजून आहे, मोटारी त्यावरून जातात, पाट्यांवर नाव आहे. रस्ता सापडतो, माणूस सापडत नाही.

आणि रोमच्या वेशीवर बायका उभ्या होत्या. लढाईनंतर कित्येक दिवस येणाऱ्या प्रत्येकाला अडवून त्या आपल्या माणसाची चौकशी करत होत्या. एका बाईचा मुलगा अचानक समोर आला, आणि ती त्याच्या पुढ्यातच आनंदाने मेली. दुसरीला मुलगा मेल्याची खोटी बातमी कळली होती. ती घरात रडत बसलेली असताना तो दारात उभा राहिला, आणि त्याला पाहताच तिचा प्राण गेला. हे दोन्ही प्रसंग लिव्ही चार ओळींत सांगून पुढे जातो. आमच्या घरात हा मजकूर चार ओळींत आटोपला नाही.

आता घरचे सांगायला हवे. आम्ही माणगाव तालुक्यातले. माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ मराठा पलटणीत होते. दुसऱ्या महायुद्धात पलटण समुद्रापार गेली, आणि 1944 च्या पावसाळ्यात घरी सरकारी कागद आला. बेपत्ता, बहुधा मृत. त्यातला 'बहुधा' हा शब्द गावच्या मास्तरांनी जसा वाचला तसाच आमच्या धाकट्या आजीने धरून ठेवला. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. तिने कुंकू पुसले नाही. हातातल्या बांगड्या उतरवल्या नाहीत. लोक बोलले, तिने ऐकले नाही. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या पार्वतीबाईंनीही नवरा गेला हे कधी मान्य केले नव्हते. पण त्या पेशव्यांच्या वाड्यातल्या. त्यांची इतिहासाने नोंद घेतली. आमची धाकटी आजी भाताच्या खाचरात कमरेपर्यंत वाकून लावणी करत वाट पाहत होती.

बारा वर्षे वाट पाहावी, असे शास्त्र सांगते. बारा वर्षे भरली 1956 साली. मग घरच्यांनी भटजींना बोलावून पालाशविधी केला. ज्याचे प्रेत मिळाले नाही त्याचे हे दहन. पळसाच्या पानांचे तीनशे साठ देठ घेऊन माणसाचा आकार मांडतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात, आणि त्याला अग्नी देतात. माझा जन्म त्यानंतरचा. मला ही हकीकत आईने सांगितली. तेव्हा धाकटी आजी ओटीवर बसून एकेक देठ भटजींच्या हाती देत होती, आणि मोजत होती. मोजण्यात चूक होऊ दिली नाही, असे आई म्हणे. मेल्याची तिथी ठाऊक नसल्यामुळे पुढे दर वर्षी सर्वपित्री अमावास्येला त्यांचे पान वाढले जाई. मला आठवते ती धाकटी आजी पांढऱ्या कपाळाची. पण कुठे लढाईत, असे विचारले की 'इटाळी' एवढाच शब्द ती सांगू शके. तो गाव आहे की मुलूख, हे तिला कुणी समजावले नव्हते. तिच्याजवळच्या पत्र्याच्या पेटीत एक पत्र होते. सेन्सॉरने गावाचे नाव काळे करून टाकलेले, दुसऱ्याच्या हातचे. "येथे डोंगर आपल्यासारखेच आहेत," असे त्यात होते.

ते खरे आहे. तुओरोच्या वरच्या उतारावरून पाहताना मला वाटले, की हिरवे करून टाकले आणि चार महिने पाऊस सोडला तर हे कुंभ्याच्या घाटाखालचेच रान आहे.

पेरूजात आम्ही दोन दिवस राहिलो. गाव डोंगरावर, आणि त्याच्या तटाला एट्रुस्कन लोकांनी घातलेले पायाचे दगड आहेत. त्यांची एक वेस अजून वापरात आहे. तिच्याखालून शाळेतली मुले शीळ घालत जातात. या वेशीवर पुढे ऑगस्टसचे नाव कोरले गेले. ते का, याची कथा कडू आहे. इसवी सनापूर्वी 41-40 च्या हिवाळ्यात त्याने, म्हणजे तेव्हाच्या ऑक्टेव्हियनने, या शहराला वेढा घालून उपाशी मारले, आणि शेवटी शहर जळाले. त्या वेढ्यात दोन्हीकडचे गोफणदार एकमेकांवर शिशाच्या गोळ्या फेकत. त्या गोळ्या सापडल्या आहेत, आणि त्यांवर अक्षरे आहेत. मला वाटले, देवाचे नाव असेल. पण नाही; शिव्या! एकीवर शत्रूच्या सेनापतीच्या टकलाचा उद्धार केलेला आहे, काहींवर असे काही आहे की दिवाळी अंकात लिहिता येणार नाही. शिसे तापवताना, पोटात अन्न नसताना, साच्यात अक्षरे कोरण्याची हौस माणसाला असते. भाचा ते वाचून इतका हसला, की शेजारच्या जर्मन बाईंनी वळून पाहिले. हत्ती न मिळाल्याचे त्याचे दुःख पेरूजाने भरून काढले.

पेरूजाच्या उत्तरेला टायबर नदीचे खोरे वर चढत जाते. त्यात मोंतोने म्हणून एक इवलेसे डोंगरी गाव आहे. त्या गावाशी माणगावचा एक धागा आहे. रोम 4 जून 1944 ला पडले. जर्मन फौजा मागे हटत, प्रत्येक डोंगराला टेकत, उत्तरेकडे सरकत होत्या. जूनच्या अखेरीस त्रासिमेनोच्या काठीही पुन्हा एकदा लढाई झाली. हॅनिबलनंतर दोन हजार एकशे साठ वर्षांनी. मग टायबरच्या वरच्या खोऱ्यात दहावी हिंदी डिव्हिजन शिरली. तिच्यात मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी पलटण होती. 10 जुलैला त्या पलटणीतल्या नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. तुकडीतला एकूणएक माणूस मेला किंवा जखमी होऊन पडला. उरले ते एकटे. ते तसेच धावत गेले. हातबॉम्बने तोफ आणि तोफवाला निकामी केला, टॉमीगनने एकाला टिपले. गोळ्या संपल्या, दुसरे मॅगझिन चढवायला सवड नव्हती, तेव्हा बंदूक नळीकडून धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना संपवले. आणि आडून झाडलेल्या गोळ्यांनी तेही तेथेच पडले. वय बावीस. गाव पळसगाव, तालुका माणगाव. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचेही प्रेत नंतर मिळाले नाही.

माणगावात त्यांचा पुतळा आहे. मी शाळेत असल्यापासून तो नाव ऐकत आलो. मोंतोनेत 2023 साली त्यांच्या नावाचे एक स्मारक झाले. ते सूर्यघड्याळाच्या रूपात आहे, चालते सूर्यघड्याळ. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, अशा अर्थाचे लॅटिन वचन त्याला दिलेले आहे. पुतळा, तोफ, सिंह या सगळ्यांपेक्षा मला ही कल्पना आवडली. तेथे उभा राहिलो तेव्हा दुपार टळत होती. सावली पाहिली, आणि मग सवयीने मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिली. सरकारी वेळ उन्हाळ्यात एक तास पुढे केलेली असते. सूर्य अर्थातच आपल्या जागी होता.

गावात एका खानावळीत जेवलो. मालकीणबाई साठीच्या पुढच्या. त्यांनी समोर एक गोल, जाड, तव्यावर भाजलेली भाकरीसारखी वस्तू आणून ठेवली. 'तोर्ता अल तेस्तो' हे तिचे नाव. तेस्तो म्हणजे ती भाजायचा जाड तवा. भाचा आमच्या मोडक्या इटालियनमध्ये आम्ही हिंदुस्थानचे असे सांगू लागला, तसे बाईंचे डोळे चमकले. त्यांच्या आईने त्यांना सांगितलेली गोष्ट त्यांनी हातवारे करून सांगितली. लढाई पुढे सरकली तेव्हा हिंदी शिपाई त्यांच्या आजोळच्या अंगणात उतरले होते, आणि पीठ मळून, हातावर थापून, चुलीवर गोल पोळ्या भाजत होते. मुले भिऊन लांब उभी होती. त्यांतल्या एका शिपायाने एक पोळी मोडून अर्धी पुढे केली. बाईंची आई घरात ओरडत गेली, की अहो, हे लोकसुद्धा तोर्ता करतात!

तो शिपाई कोण, कुठल्या पलटणीतला, पंजाबी की मराठा, हे कुणाला सांगता येणार? मी विचारलेही नाही. बाईंनी बिलातून तोर्ताचे पैसे कापले. मी बरेच वाद घातले, पण इटालियन बाईशी इटालियनमध्ये वाद घालून जिंकलेला माणूस मला अजून भेटायचा आहे.

त्यानंतर रोम. रोमविषयी मी काही लिहीत नाही. त्याविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. एक दिवस सोडून आम्ही दक्षिणेकडची गाडी धरून कासिनोला गेलो.

कासिनोचा डोंगर गाडीतूनच दिसतो, आणि वर पांढरा मठ. संत बेनेडिक्टने 529 साली स्थापन केलेला हा मठ 15 फेब्रुवारी 1944 रोजी बॉम्ब टाकून जमीनदोस्त करण्यात आला. जर्मन वर लपले आहेत असा समज होता. मठ पाडल्यावर ते त्या ढिगाऱ्यात खरोखरच येऊन बसले. डोंगर घेण्यासाठी चौथ्या हिंदी डिव्हिजनने किती माणसे घातली! घेतला शेवटी पोलिश शिपायांनी, 18 मे रोजी. मग मठ जसाच्या तसा पुन्हा उभारला. आता तो नवा कोरा आहे आणि जुना दिसतो. उलट डोंगराच्या पायथ्याशी उम्मिडिया क्वाद्रातिला नावाच्या श्रीमंत रोमन बाईने बांधवलेले पहिल्या शतकातले रंगमंडळ पडक्या स्थितीत, पण मूळचेच, उभे आहे. या बाई ऐंशीच्या घरात वारल्या, असे धाकटा प्लिनी लिहितो. त्यांना नाटकाचा एवढा नाद, की पदरी नटांचा ताफा बाळगला होता. मात्र खेळ सुरू झाला की नातवाला अभ्यासाला पिटाळत. मला या आजीबाई फार आवडल्या. भाच्याला नातवाची दया आली.

तेथून चालत आम्ही युद्धस्मशानात गेलो. रांगेने पांढरे दगड, मधून गुलाब, हिरवळ कातरलेली. ज्यांना थडगे नाही अशांसाठी तेथे हिरव्या संगमरवराच्या भिंती आहेत. नावे चार हजारांवर. हे स्मारक उघडले गेले 1956 साली. आमच्या ओटीवर पळसाचे देठ मोजले गेले, तेच हे वर्ष.

मराठा पलटणीचा दगड शोधायला वेळ लागला नाही. नाईकांच्या ओळीत यशवंत घाडगे, पुढे व्ही. सी. ही दोन अक्षरे. त्याखाली शिपायांच्या नावांची रांग. ती इंग्रजी अक्षरांत, पण आडनावे सगळी आपली. जणू माणगाव-महाडच्या शाळेचे हजेरीपुस्तक कुणी दगडावर चढवले आहे. भाच्याने बोट ठेवून खाली येत येत एका ठिकाणी थांबवले.

"मामा, हे."

"हो."

"मोठ्यानं वाचा ना."

मी वाचले. नाव, मग वडिलांचे नाव मला ठाऊक होते ते, मग आडनाव, मग गाव. गाव दगडावर नव्हते.

बाजूच्या कप्प्यातून पुरचुंडी काढली. भाच्याने पाण्याची बाटली उघडली. मी दक्षिणेकडे तोंड करून, भिंतीपासून दोन हात अलीकडे, गवतावर तीन ओंजळी तिलोदक दिले. मंत्र मला पुरता येत नाही. नाव आणि गोत्र एवढेच उच्चारले. गवत कापणाऱ्या माळ्याने यंत्र बंद केले होते. आम्ही उठल्यावर त्याने मान किंचित लववली आणि पलीकडच्या वाफ्याकडे गेला.

संध्याकाळी रोमला पोचल्यावर बहिणीला फोन केला. तिकडे रात्र झाली होती. मृगाचा पाऊस लागला होता, पागोळ्यांचा आवाज फोनमधून येत होता.

"दादा, सापडले?"

"सापडले."

"तीळ पुरले?"

"उरलेत थोडे."

"मग टाकू नकोस, घेऊन ये," ती म्हणाली. "आणि वाचलंस ते नाव नीट लिहून आण. कागदावर. इंग्रजीत नको."